मुंबईच्या टॅक्सीचं इंजिन रेसमध्येही धावलंय! जुनी फियाट 'मॉडिफाय' करताना आत नेमकं काय बदलतं?

29 ऑक्टोबर 2003. मुंबईतली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी या दिवशी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीचं वय जास्तीत जास्त 20 वर्षं, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. त्या आठवड्यात सोशल मीडियावर फोटोंचा पूर आला. पण ज्या इंजिनावर ही टॅक्सी इतकी वर्षं पळाली, त्याबद्दल फार कुणी बोललं नाही.

खरंतर गोष्ट त्या इंजिनाचीच भारी आहे.

न्यूयॉर्कच्या 'म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट'मध्ये सिसिटालिया 202 नावाची एक इटालियन स्पोर्ट्स कार आहे. 1951 साली या संग्रहालयाने आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यातही हे मॉडेल होतं. त्या कारच्या बॉनेटखाली 1089 सीसीचं चार सिलिंडरचं फियाट इंजिन आहे. पद्मिनीचं इंजिनही 1089 सीसीचंच. हा योगायोग नाही, दोन्ही एकाच घराण्यातली आहेत.

आता मराठवाड्यात या. हिंगोली, वसमत, कळमनुरी अशा गावांत कुणाच्या तरी वाड्यात, कुणाच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एखादी जुनी फियाट उभी असते. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी चालवलेली. घरातला एखादा तरुण यूट्यूबवर व्हिडिओ बघतो आणि ठरवतो, हिची स्पोर्ट्स कार करायची. करता येते का? येते. पण इंजिनाला हात लावण्याआधी तीन गोष्टी माहीत हव्यात. ताकद येते कुठून, तिची किंमत इंजिन कशी वसूल करतं, आणि कायदा काय म्हणतो. तिसरी गोष्ट बहुतेक जण सगळ्यात शेवटी बघतात. तिथेच घोळ होतो.

आधी थोडा इतिहास

हे इंजिन जन्माला आलं 1937 साली, फियाट 508 सी या गाडीसाठी. त्यामागचा इंजिनिअर दांते जाकोसा. बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास 68 मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव 75 मिमी. चारही सिलिंडर मिळून 1089 सीसी.

दुसरं महायुद्ध संपल्यावर इटलीत पैसा नव्हता, कच्चा माल नव्हता, पण रेस बघायला आसुसलेली माणसं होती. तूरिनचे उद्योजक पिएरो दुसिओ यांनी ठरवलं की स्वस्तात रेसिंग कार करायची. नवं इंजिन घडवणं परवडणारं नव्हतं, मग जाकोसांनी आपलंच जुनं 1100 चं इंजिन घेतलं, त्याची शक्ती 60 अश्वशक्तीच्या आसपास नेली आणि ते नळ्यांच्या हलक्या सांगाड्यात बसवलं. ही सिसिटालिया डी 46. सप्टेंबर 1946 मध्ये तूरिनच्या 'कोपा ब्रेझी' शर्यतीत ती पहिल्यांदा उतरली आणि स्वतः दुसिओ जिंकले. याच शर्यतीत ताझिओ नुव्होलारी या दिग्गज ड्रायव्हरच्या हातात गाडीचं स्टिअरिंग व्हील निखळून आलं होतं. पुढच्या वर्षी याच नुव्होलारींनी मिले मिलिया या हजार मैलांच्या शर्यतीत 1100 सीसीच्या सिसिटालियामधून दुसरा नंबर काढला. पहिल्या आलेल्या अल्फा रोमिओचं इंजिन 2900 सीसीचं होतं.

इकडे आपल्याकडे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स सुरू केली. 1954 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 बनू लागली. हीच ती मुंबईकरांची 'डुक्कर फियाट'. 1964 मध्ये 1100 डी आली, 1974 पासून तिचं नाव पद्मिनी झालं आणि नव्या शतकाच्या तोंडावर तिचं उत्पादन थांबलं. या सगळ्या प्रवासात बोअर 68 आणि स्ट्रोक 75 हे आकडे हलले नाहीत. पद्मिनीची शक्ती होती साधारण 40 अश्वशक्ती.

म्हणजे तेच मोजमाप, एकीकडे 40, दुसरीकडे 60. मधली 20 आली कुठून?

ताकद म्हणजे हवा

इंजिन हा मुळात हवेचा पंप आहे. जितकी जास्त हवा आत जाईल, तितकं जास्त पेट्रोल जळेल, तितकी जास्त ताकद. पेट्रोल आत ढकलणं सोपं असतं, हवा आत घेणं अवघड. त्यामुळे मॉडिफिकेशनचं जवळजवळ सगळं काम हवेभोवती फिरतं.

पहिला मार्ग सगळ्यांना माहीत असतो: बोअर वाढवायचा. 68 मिमीचा सिलिंडर 70 मिमीचा केला की 1089 सीसीचे 1154 सीसी होतात. दोन मिमीत जवळपास 6 टक्के वाढ. फियाटनेही हे केलं होतं. युरोपात विकल्या गेलेल्या 1100 डी मध्ये बोअर 72 मिमी होता, सीसी 1221 आणि शक्ती 50 च्या घरात. पण म्हणून आपल्या पद्मिनीचा ब्लॉक उचलून थेट 72 ला बोअर करायचा नाही. दोन सिलिंडरांच्या मधली भिंत आणि पाणी फिरतं ती पोकळी किती जाड-पातळ आहे, हे प्रत्येक ब्लॉकमध्ये मोजावं लागतं. भिंत पातळ झाली की गरम झाल्यावर सिलिंडर गोल राहत नाही. मग रिंगा धरत नाहीत, ऑइल जळतं आणि नव्या इंजिनातून पहिल्याच महिन्यात निळा धूर निघतो.

दुसरा मार्ग कॉम्प्रेशनचा. पिस्टन खाली असताना जेवढी जागा असते, ती पिस्टन वर आल्यावर किती पटीने दाबली जाते, तो कॉम्प्रेशन रेशो. समजा तो 7.5 आहे. 68 बाय 75 च्या एका सिलिंडरमध्ये पिस्टन 272 सीसी जागा झाडतो, म्हणजे वर साधारण 42 सीसी जागा उरलेली असते. रेशो 9 करायचा असेल तर हीच जागा 34 सीसी हवी. फरक आठ सीसीचा, म्हणजे घरातल्या चहाच्या दीड चमच्याएवढा. तेवढ्यासाठी हेड मशीनवर घासून कमी करतात. गॅरेजच्या भाषेत हेड फेसिंग.

ऐकायला सोपं आहे. पण हेड खाली आलं की व्हॉल्व्हही पिस्टनच्या जवळ येतात. पुशरॉड तेच ठेवले तर टॅपेटचं गणित बिघडतं. आणि या इंजिनाचं हेड ॲल्युमिनियमचं आहे. आधी कुणी दोनदा फेसिंग केलेलं हेड तिसऱ्यांदा घासायला सापडलं, तर ते बाजूला ठेवून दुसरं शोधणं शहाणपणाचं. जुन्या गाडीच्या हेडवर आधी काय काय झालंय हे कागदावर कुठेच नसतं, ते मोजूनच कळतं.

आरपीएमचं गणित, आणि त्याचा सूड

तिसरा मार्ग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात धोक्याचा. इंजिन जास्त फिरवायचं.

40 अश्वशक्ती 4800 आरपीएमला मिळत असेल, तर त्या वेगाला टॉर्क येतो साधारण 6 किलोग्रॅम-मीटर. हाच टॉर्क 6000 आरपीएमपर्यंत टिकवला, तर शक्ती होते 50. एक सीसी न वाढवता दहा अश्वशक्ती! अडचण अशी की साधं इंजिन तिथपर्यंत पोचताना धापा टाकायला लागतं. एकच छोटा कार्बोरेटर, अरुंद पोर्ट, आणि व्हॉल्व्ह लवकर बंद करणारा कॅमशाफ्ट. म्हणून मोठा किंवा दुहेरी कार्बोरेटर येतो, हेडमधले हवेचे मार्ग आतून घासून मोकळे केले जातात, मोठे व्हॉल्व्ह बसतात आणि कॅमशाफ्ट बदलतो. सिसिटालियाच्या माणसांनी वेबर कार्बोरेटर लावले, कॉम्प्रेशन वाढवलं आणि ऑइलसाठी वेगळी टाकी असलेली ड्राय संप पद्धत बसवली. वळणावर गाडी कलली तरी पंपाला ऑइल मिळत राहावं, हा त्यातला हेतू.

कॅमशाफ्टबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त निराशा याच भागातून येते. 'रेस कॅम' व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो. वरच्या आरपीएमला त्याचा फायदा होतो, पण खालच्या आरपीएमला आत आलेलं मिश्रण थोडं परत बाहेर ढकललं जातं. मग गाडी सिग्नलला थरथरते, दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालताना झटके देते. मोकळ्या रस्त्यावर जी गाडी उडते, तीच आठवडी बाजाराच्या दिवशी गर्दीतून काढताना जीव नकोसा करते. रोज वापरायची गाडी असेल तर सौम्य कॅम घ्यावा, कागदावरचे पाच-सात हॉर्सपॉवर कमी दिसले तरी.

आता सूडाचा भाग. 4800 आरपीएमला या इंजिनाचा पिस्टन सरासरी सेकंदाला 12 मीटर पळतो, 6000 ला 15 मीटर. वेग वाढला सव्वापट, पण पिस्टन वर जाऊन थांबताना आणि परत फिरताना कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण वर्गाने वाढतो. म्हणजे थेट 56 टक्के जास्त. त्यात क्रँकशाफ्टला आधार फक्त तीन मेन बेअरिंगचा. आजच्या चार सिलिंडरच्या इंजिनांत साधारण पाच असतात. दोन आधारांमधला क्रँक जास्त वेगात किंचित वाकतो, लाखो वेळा वाकतो, आणि एक दिवस तडकतो.

म्हणून चांगला इंजिन बांधणारा कारागीर ताकद वाढवण्याआधी वजनं जुळवतो. चार पिस्टन, चार रॉड, पिन, सगळं काट्यावर. सगळ्यात हलका तुकडा शोधायचा आणि बाकीचे तीन घासून त्याच्याइतके करायचे, ग्रॅमच्या हिशोबात. काही जण त्यासाठी सोनाराचा काटा वापरतात. क्रँक आणि फ्लायव्हील एकत्र बॅलन्स केले जातात. रॉडला बारीक तडा आहे का, हे डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी चुंबकीय तपासणी करतात. या कामाने हॉर्सपॉवरचा आकडा वाढत नाही, त्यामुळे लोक तिथेच पैसे वाचवतात. इंजिन फुटतं तेही बहुतेक तिथेच.

हे काम गावात होतं का?

अर्धं होतं. शेतीच्या जिल्ह्यात ट्रॅक्टरची इंजिनं सतत उघडली जातात, त्यामुळे बोअरिंग, होनिंग, क्रँक ग्राइंडिंग ही कामं लहान शहरांतल्या मशीन शॉपला नवीन नाहीत. फियाटचा कास्ट आयर्नचा ब्लॉक त्यांच्या हाताला अनोळखी वाटत नाही.

फरक अचूकतेत आहे. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यातली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात. साध्या कास्ट पिस्टनला एक फट लागते, रेससाठीच्या फोर्ज्ड पिस्टनला वेगळी, कारण तो तापल्यावर जास्त फुगतो. त्यामुळे नियम एकच: पिस्टन आधी हातात घ्यायचे, मोजायचे, मग त्या मापाला बोअर करायचा. आधी बोअर करून नंतर पिस्टन शोधत फिरणं म्हणजे चप्पल घेऊन पाय शोधण्यासारखं आहे.

सुटे भाग हा दुसरा प्रश्न. मुंबईच्या टॅक्सींमधून निघालेली इंजिनं जुन्या बाजारात दिसली तर एक लक्षात ठेवावं: त्या टॅक्सी शेवटची अनेक वर्षं बहुतेक सीएनजीवर चालल्या. गॅस कोरडा जळतो, व्हॉल्व्ह सीट लवकर झिजतात. ब्लॉक कामाचा असू शकतो, पण हेड नीट तपासूनच घ्यावं.

मग दुसरंच इंजिन का टाकू नये? लोकांनी तेही केलंय. प्रीमियरनेच 1985 मध्ये आणलेल्या 118 एनई गाडीत निसानचं 1171 सीसीचं ए 12 इंजिन होतं, 52 अश्वशक्तीचं. अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने जुन्या लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बनवली, तिची बॉडी फायबरची आणि इंजिन 1.8 लिटरचं इसुझू, म्हणजे कॉन्टेसावाल्यांच्या ओळखीचं. हलकी गाडी आणि भरवशाचं तयार इंजिन, हा स्पोर्ट्स कार बनवण्याचा सगळ्यात शहाणा मार्ग आहे. पण ती गाडी त्याच इंजिनासाठी आखलेली होती. घरच्या फियाटमध्ये परकं इंजिन बसवणं हा वेगळा विषय, आणि तो थेट आरटीओच्या दारात जातो. त्याकडे येऊच.

पेट्रोल बदललंय, हे विसरू नका

हे इंजिन ज्या काळात आखलं गेलं, तेव्हा पेट्रोलमध्ये शिसं असायचं. देशभरात ते 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झालं. आता पंपावर मिळतं ते ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल, ज्यातलं बरंच आपल्याच उसातून येतं.

जुन्या गाडीसाठी इथेनॉल त्रासदायक आहे. जुने रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा, कार्बोरेटरमधले सील ते फुगवतं किंवा ठिसूळ करतं. इंजिन बांधताना हे सगळं ई20 चालेल अशा मटेरिअलचं बदलून घ्यावंच लागतं, कारण तापलेल्या इंजिनावर पेट्रोल गळणं म्हणजे आग. शिवाय इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. जुन्याच जेटवर ई20 भरलं तर मिश्रण हवेच्या बाजूला झुकतं, इंजिन तापतं. जेट थोडे मोठे करावे लागतात.

पण याची दुसरी बाजू क्वचितच कुणी सांगतं. ई20 चा ऑक्टेन 95 आहे, साध्या पेट्रोलचा 91. ऑक्टेन जितका जास्त, तितकं पेट्रोल दाबाखाली स्वतःहून भडकत नाही. म्हणजे जे इंधन जुन्या पाइपांचं नुकसान करतं, तेच वाढवलेल्या कॉम्प्रेशनला साथ देतं. तरीही मराठवाड्यातला मे महिना, चाळिशीपार गेलेला पारा आणि 9 चा रेशो हे तिन्ही एकत्र आले की नॉकिंगचा टकटक आवाज ऐकू येऊ शकतो. तो आला की टायमिंग मागे घ्यायचं, आवाजाची सवय करून घ्यायची नाही. रेडिएटरमध्ये साचलेला गाळ आधी काढायचा, हेही त्यातच आलं.

आणि ब्रेक! पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ताशी 100 ऐवजी 120 च्या वेगाने धावणारी गाडी थांबवायला ब्रेकना 44 टक्के जास्त ऊर्जा जिरवावी लागते. इंजिनावर खर्च करून ब्रेक तसेच ठेवणारे लोक आहेत. त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

आरटीओ काय म्हणतं?

हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला आणि एमएच-38 हा नंबर मिळाला. त्यामुळे त्याआधी इथे नोंदवलेल्या जुन्या गाड्यांवर परभणीचा एमएच-22 किंवा त्याहून जुना नंबर असणार. कुठलंही काम काढण्याआधी आरसीवरचा इंजिन नंबर आणि ब्लॉकवर कोरलेला नंबर एकच आहे का, हे बघणं ही पहिली पायरी. मध्ये कधी इंजिन बदललं असेल आणि नोंद झाली नसेल, तर तो गुंता आधी सोडवावा लागतो.

मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 52 सांगतं की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. झिजलेलं इंजिन उघडून ओव्हरसाइझ पिस्टन टाकणं ही दुरुस्ती आहे. परक्या कंपनीचं जास्त सीसीचं इंजिन बसवून रस्त्यावर फिरणं हा बदल आहे. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते.

खरा पेच मात्र पुढे आहे. जुलै 2021 मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फी 20,000 रुपये, नोंदणी 10 वर्षांसाठी, फेरनोंदणी 5,000 रुपयांत. नंबर प्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी काढता येत नाही, ती रॅली, प्रदर्शन, संशोधन किंवा दुरुस्ती-इंधनासाठीच रस्त्यावर आणायची. आणि महत्त्वाची अट: गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मूळपेक्षा वेगळा बदल केलेला असेल, तर ती या व्याख्येत बसत नाही.

आता हिशोब लावा. 1974 मध्ये पद्मिनी हे नाव लागलेल्या पहिल्या गाड्या आत्ताच पन्नाशी ओलांडत आहेत. डुक्कर फियाट तर कधीच पात्र झाली. म्हणजे नेमक्या ज्या वयात ही गाडी कायद्याच्या नजरेत वारसा ठरते, त्याच वयात तिचं इंजिन बदलण्याचा मोह होतो. पद्मिनी 1980 नंतरची असेल तर निर्णयाला अजून वेळ आहे. 1970 ची फियाट असेल तर ग्राइंडर हातात घेण्याआधी दोनदा विचार करावा, कारण घासलेलं लोखंड परत येत नाही.

काही जुने कारागीर यावर एक तोडगा सुचवतात. गाडीचं मूळ नंबरचं इंजिन साधं, कंपनीच्या मापात बांधायचं आणि तेच गाडीत ठेवायचं. हौसेसाठी भंगारातून दुसरा ब्लॉक आणि दुसरं हेड घ्यायचं, सगळे प्रयोग त्यावर करायचे आणि ते इंजिन फक्त ट्रॅकवरच्या, रस्त्यावर न येणाऱ्या गाडीत चालवायचं. असे ट्रॅक चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोइमतूरला आहेत. हिंगोलीहून दोन्ही लांब, ट्रकवर गाडी लादून न्यावी लागेल.

आणि यातलं जे इंजिन शेडमध्ये पडून राहणार असेल, त्याचे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडायचं, कार्बोरेटरच्या तोंडाला कापड बांधायचं, आणि महिन्यातून एकदा क्रँक हाताने दोन फेरे फिरवायचा. रिंगा धरून बसत नाहीत.